शाळेत जाताय? रंगाचे डबे घरीच ठेवा!

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला एचआरची मेल आली, की दोनच शक्यता असतात. एक तर अप्रेझल पुढे गेलेलं असतं, नाही तर 'सोशल आउटरीच'साठी तुमचा एक शनिवार मागितलेला असतो. हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या टीमला दुसरी मेल आली. बजेट होतं, टी-शर्टचा रंग ठरला होता, बावीस जणांनी नावंही दिली होती. फक्त शाळा सापडायची बाकी होती! आमचा हा दोस्त मूळचा वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातला. तो म्हणाला, ''आमच्या गावची झेडपीची शाळा घ्या ना. सरांना फोन करतो.''

प्लॅन एकदम सेट. भिंतींवर कार्टून्स रंगवायची, वह्या वाटायच्या, ग्रुप फोटो काढायचा, जेवायचं आणि परत. सरांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ''या नं, कधीही या. पण भिंत तुम्हीच रंगवसान, तं आमचे लेकरं काय करतीन?''

बाउन्सर! कारण त्या एक्सेल शीटमध्ये मुलांसाठी एकच काम लिहिलं होतं : टाळ्या वाजवणे.

मला हा किस्सा कळला आणि सरांना भेटायची सॉलिड उत्सुकता लागली. बावीस जणांचा बेत अखेर चौघांवर आला, पाचव्या सीटवर मी. रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे डोळे चोळत कारंज्यात उतरणं, एक कडक चहा आणि मग सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या शेतांमधून गाव. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हातपाय धुवायचा नळ आणि मागे परसबाग.

परिपाठ संपला आणि पाचवीतल्या एका मुलीने आमचा ताबा घेतला. ''पहिले नळ पाहा,'' ती म्हणाली. नळात पाहण्यासारखं काही नव्हतं. तो नीट बंद होत होता. ''तेच तं पाहायचं आहे!''

स्टोरी अशी. हा नळ गळायचा. सरांनी प्लंबर बोलावला नाही. त्यांनी मुलांना एक २०० मिलिलिटरचा ग्लास आणि एक घड्याळ दिलं. ग्लास दोन मिनिटांत भरला. म्हणजे तासाला सहा लिटर, दिवसाला १४४ लिटर. मुलांनी मग घरी जाऊन विचारलं, आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाला किती पाणी लागतं? फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी आले आणि वर्गात शांतता पसरली. मराठीच्या तासाला अर्जलेखन झालं, पण खरंखुरं, ग्रामपंचायतीच्या नावाने, खाली सगळ्यांच्या सह्या. पहिल्या अर्जाचं काही झालं नाही. दुसऱ्याचंही नाही. तिसरा अर्ज घेऊन मुलं स्वतः गेली. नळ दुरुस्त झाला.

गणित, मराठी, नागरिकशास्त्र. तीन विषय, एक नळ. खर्च, एका वॉशरचा!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं क्यूट आहे, पण एका नळाने काय होतं? त्यासाठी हा तालुका थोडा समजून घ्यायला हवा. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले ३० तालुके होते, त्यात कारंजा होता. ८ एप्रिल ते २२ मे, भर उन्हाचे ४५ दिवस. गावकऱ्यांनी कुदळ-फावडी घेऊन उतारावर चर खोदायचे, पावसाचं धावतं पाणी तिथेच अडवायचं आणि जमिनीत मुरवायचं. एकेका कामाचं मोजमाप, त्यावर गुण. नळ दुरुस्त करायला लावणारी ही मुलं तेव्हा लहान होती किंवा जन्मलीही नव्हती. पण कुणाचे आईबाबा, कुणाचा मोठा दादा त्या श्रमदानात होता. पाण्याचा हिशेब इथे घरात बोलला जातो.

सर त्यावरच गणित रचतात. आम्हाला त्यांनी मुलांबरोबर उतारावर नेलं, टेप दिली आणि एक जुना चर मोजायला लावला. लांबी तीन मीटर, रुंदी साठ सेंटिमीटर, खोली तीस. सहावीतल्या एका मुलाने विचारलं, ''याच्यात एका वेळी किती लिटर पाणी बसतं?'' आमच्यातले दोन इंजिनिअर, एक एमबीए आणि एक टेस्टर. चौघांचेही हात खिशातल्या मोबाइलकडे गेले! मुलाने मातीतच काडीने लिहिलं : ०.५४ घनमीटर, म्हणजे ५४० लिटर. मी पत्रकार असल्यामुळे मला कुणी विचारलं नाही, नशीब.

फ्रँकली सांगायचं तर, आपल्या डोक्यात 'क्रिएटिव्ह क्लासरूम' म्हणजे रंगीत खुर्च्या, प्रोजेक्टर आणि फाड फाड इंग्लिश. पण कल्पना आणि बिल यांचा तसा संबंध नाही. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले रणजितसिंह डिसले आठवतात? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. तंत्रज्ञान साधं होतं, त्याचा वापर त्यांना सुचला. आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली.

कामातून शिकण्याचा फंडाही नवा नाही, बरं का. वाशिमहून यवतमाळ ओलांडलं की वर्धा. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकीर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. नई तालीम म्हणतात ती हीच. मूल हाताने काहीतरी उपयोगाचं करेल आणि त्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकेल. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत २००५ पासून हे पुन्हा सुरू आहे. तिथे शेती, स्वयंपाक, सफाई हा अभ्यासातलाच भाग आहे. आणि २०२४ मध्ये सरकारनेही पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. दप्तर नाही, नेहमीचे तास नाहीत. थोडक्यात, शनिवार मुलांकडे होताच. आपण तो बजेट घेऊन मागायला निघालो होतो!

पण सगळं गोड नाही. 'सेवा' या शब्दाखाली शाळांमध्ये काय काय चालतं, हेही आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय. झाडू कुणाच्या हातात येतो? बऱ्याचदा मुलींच्या. बऱ्याचदा ठरावीक घरांतल्या मुलांच्या. त्याला शिक्षण म्हणायचं का? मी सरांना सरळच विचारलं. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. आठवड्याची सफाईची पाळी. मुलगे, मुली, सगळ्यांची नावं फिरती आणि सोमवारी सर्वांत वर सरांचं स्वतःचं नाव. ''ज्या कामात मास्तर नाही, ते काम लेकराईले सांगू नये,'' ते म्हणाले. मला वाटतं, शिकवणं आणि फुकट राबवून घेणं यांतला फरक या एका वाक्यात आला.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. जानेवारी २०२३ मध्ये वाशिम जिल्ह्यातलंच गणेशपूर देशभरच्या बातम्यांत होतं. साधारण दीडशे वस्तीचं गाव, चौथीपर्यंतची झेडपी शाळा आणि पटावर एकच विद्यार्थी. तिसरीतला. त्याला शिकवायला एक शिक्षक रोज १२ किलोमीटरवरून यायचे. आपण तेव्हा ती क्लिप 'सो स्वीट' म्हणून फॉरवर्ड केली. पण त्या मुलाच्या बाजूने विचार करा. ग्लास कोण धरणार आणि घड्याळ कोण बघणार? भांडायला कोण, जिंकायला कोण?

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न राज्यभर आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुलांच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला होता, तर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली. सोबत्यांशिवाय शिकणं अपुरं, हे त्यामागचं म्हणणं खोटं नाही. पण शाळा दुसऱ्या गावी गेली, की नळ, चर आणि ग्रामपंचायतही मागेच राहते. ही मुलं ज्यातून शिकतात, ते सगळं गावातच आहे. बसमध्ये बसून गाव सोबत नेता येत नाही. सरांच्या शाळेचा पट २६ आहे. ते दर जूनमध्ये घरोघरी फिरतात.

आणि म्हणूनच त्यांना आमच्या कार्टून्सचं अप्रूप नव्हतं. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातले चार होते, त्यात वाशिम एक. 'मागास' हे लेबल इथल्या मुलांना न मागता मिळतं. त्यात आपण टी-शर्ट घालून जातो आणि आणखी एकदा सांगतो, की बाळांनो, तुम्ही घेणारे, आम्ही देणारे. नळवाल्या मुलीला हे सांगून पाहा!

दुपारी खिचडी होती, परसबागेतला पालक घातलेली. पालकाच्या जुड्या किती निघाल्या याची वही तिसरीतल्या दोघांकडे असते. जेवताना चौघांपैकी एकाने विचारलं, ''सर, मग आम्ही नेमकं काय करायचं?'' सरांनी यादी दिली. एक चांगली मोजपट्टी, पाऊस मोजायचं भांडं, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी फोनवर मुलांचे प्रश्न घ्यायचे. तेच माणूस, दर महिन्याला. ''एकदा येणारे खूप आहेत,'' एवढंच ते बोलले.

तुमच्याकडेही अशी मेल आलीच, तर जाण्याआधी एवढं करा :

* शिक्षकांना फोन करून विचारा, मुलं सध्या काय करतायत? आपलं काम त्यात बसवा.
* जे काम मुलं करू शकतात, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका.
* फोटोआधी परवानगी विचारा, घरच्यांची आणि मुलांचीही.
* पुन्हा कधी येणार, याची तारीख सांगा. सांगता येत नसेल, तर वचन देऊ नका.

निघताना त्या पाचवीतल्या मुलीने मला विचारलं, ''ताई, तुमच्या गल्लीतला नळ गळते का?''

मी म्हटलं, बघून सांगते. पुण्यात आल्यावर पाहिलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला गळतोय, बहुतेक वर्षभर. ग्लास ठेवला. भरायला एक मिनिट दहा सेकंद लागले. अर्ज सेक्रेटरीकाकांना दिलाय. पहिला.