शाल, श्रीफळ आणि कपाटाची किल्ली

मार्च-एप्रिल आला की निरोपसमारंभ सुरू होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र, "उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो" आणि शेवटी बटाटेवडा. मी शाळेत असे पुष्कळ समारंभ पाहिले. त्यात वाईट काही नाही, पण विद्यापीठातला जीवशास्त्राचा प्राध्यापक निवृत्त होतो तेव्हा एवढ्यावर भागू नये, असं मला वाटतं.

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची! बरेच जण दोघांना एकच समजतात. हे शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे. सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातले जेलीफिश सापडतात, हे त्यांनी शोधलं. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांनी उचलली, ती १९६० साली जाईपर्यंत सोडली नाही. १९९२ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं. आज तिथे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे आणि गहू-सोयाबीनचे नवे वाण तयार होतात. नाव देणं हा मान खराच, पण काम चालू राहिलं हा त्याहून मोठा.

सगळेच काही आघारकर नसतात. पण प्रत्येकाच्या खोलीत एक कपाट असतं. टीपकागदात दाबून वाळवलेली रोपं, बाटल्यांतले कीटक, दौऱ्याच्या वह्या. रोप कुठे, कधी, कुणी गोळा केलं ही चिठ्ठी असेल तरच त्या कागदाला किंमत. नाहीतर तो नुसता पाचोळा. आणि अर्धवट चिठ्ठीचा अर्थ सांगू शकणारा माणूस एकच, जो उद्यापासून येणार नसतो. ज्या माळावर ते रोप मिळालं तिथे आज इमारत उभी असेल, तर तो कागद हाच शेवटचा साक्षीदार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. निवृत्तीच्या आधी वर्षभर दोन विद्यार्थी सरांच्या किंवा बाईंच्या शेजारी बसवा. प्रत्येक नमुन्याची नोंद पुरी करून घ्या, वह्यांच्या प्रती काढा. सह्याद्रीच्या एका फेरीला त्यांना सोबत न्या आणि ते काय बोलतात ते टिपून घ्या. मग समारंभात कपाटाची किल्ली त्यांच्या हातून पुढच्याच्या हाती द्या.

यात खर्च काय? शालीपेक्षा कमीच! लागतो तो वेळ, आणि तो नेमका कुणी काढत नाही.

आपल्या गोतावळ्यात असे कुणी प्राध्यापक या वर्षी निवृत्त होत असतील तर त्यांच्या कपाटाची चौकशी जरूर करा. आणि मला कळवा.