घाट पाहिला, माग पाहिला का?

महेश्वरला जाऊन आलेली आपली मनावरची मंडळी घाटाचे वर्णन करताना थकत नाहीत. नर्मदामैयाचे स्नान झाले, नौकाविहार झाला, छायाचित्रेही निघाली. विणकरांच्या मागांविषयी विचारले, की उत्तर ठरलेले : "वेळच मिळाला नाही!" माझा आक्षेप या उत्तरालाच आहे.

महेश्वरचा घाट म्हणजे केवळ दगडी पायऱ्या नव्हेत. अहिल्यादेवींनी येथे राजधानी आणली, तेव्हा देवालयांबरोबर विणकरांनाही आश्रय दिला. शाहीर अनंतफंदींना त्यांनी कीर्तनाकडे वळविले, अशी आख्यायिका आहे. नदीकाठची पेठ आणि कला अशा एकाच छायेत वाढल्या. किल्ल्याची नक्षी आणि नर्मदेची लहर साडीच्या काठात उतरली. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, ही तिची परिचित ओळख.

पुढे राजाश्रय गेला आणि माग थंडावले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांनी 'रेहवा' संस्थेद्वारे या कलेला नवी उभारी दिली.

आज संकट निराळे आहे. यंत्रमागाचा माल 'महेश्वरी' म्हणून खपविला जातो. १९८५च्या कायद्याने काही वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली. २००६मध्ये हातमाग-चिन्हही आले. परंतु आयुष्य शासकीय सेवेत घालविलेला मी अनुभवाने सांगतो, की ग्राहकानेच डोळे मिटले तर कायदा कपाटातच राहतो.

एका सहलीत आमच्यातील एका वहिनींनी विणकर बाईशी अर्धा तास घासाघीस केली आणि अखेर बाजारातून स्वस्त नक्कल घेतली. परतीच्या वाटेवर गाडीत विषय निघाला अहिल्यादेवींच्या औदार्याचा! मीही गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

"निवृत्तिवेतनात हे कसे परवडावे?" असे कोणी विचारील. परवडत नसेल तर अवश्य घेऊ नये. त्यात कमीपणा नाही. पण नकलेला 'महेश्वरी' म्हणून मिरवू नये आणि कष्टाचे मोल पाडून मागू नये.

२०२५मध्ये देवींची जन्मत्रिशताब्दी झाली. आपण हार घातले, भाषणे केली. आता पुढच्या खेपेस घाट चढून वर जावे, घटकाभर मागापाशी बसावे, चिन्ह पाहून योग्य दाम द्यावे. माग थांबले तर घाट उरेल, पण तो केवळ छायाचित्रापुरता.