पान उलटण्यापूर्वी

गोष्ट सांगणे ही जशी एक कला आहे, तशीच ती सांगताना योग्य ठिकाणी थांबणे हीही एक कलाच आहे. देवळात कीर्तन रंगात आलेले असते. आख्यानातला नायक मोठ्या संकटात सापडलेला असतो. श्रोते श्वास रोखून बसलेले असतात. आणि नेमक्या त्याच क्षणी बुवा थांबतात, टाळ-मृदंगाच्या साथीवर 'विठ्ठल विठ्ठल' असा गजर सुरू होतो. मुखाने गजर चाललेला असला, तरी प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, 'आता पुढे काय?' माझी आजीही असेच करीत असे. गोष्टीतला राक्षस दाराशी आला, की तिला हटकून तहान लागे!

छापील पुस्तकाला गजर करता येत नाही, की पाणी पिण्यासाठी उठता येत नाही. पण थांबण्याचे एक साधन त्याच्यापाशीही आहे. ते म्हणजे त्याचे पान. 'पृष्ठ' या शब्दाचा मूळ अर्थच 'पाठ' असा आहे. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून तर मागे वळून पाहावेसे वाटते. उघड्या पुस्तकात उजव्या हाताला विषम अंकाचे पृष्ठ असते. त्यावरील शेवटची ओळ संपली, की पान उलटावे लागते. आणि तोवर पुढचे सारे आपल्या दृष्टीआड असते. उजव्या पृष्ठाच्या तळाशी प्रश्न पडावा आणि पान उलटताच त्याचे उत्तर सामोरे यावे, यासारखी मौज नाही. त्या दोहोंमधला क्षण लेखकाचाही नसतो आणि चित्रकाराचाही नसतो. तो केवळ वाचकाचा असतो.

मुलांची पुस्तके काढणाऱ्यांनी हा क्षण प्राणापलीकडे जपला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी तो जपला, त्यांची पुस्तके जगभर गाजली आहेत. अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडाक यांचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. खोडी केल्यामुळे उपाशी झोपण्याची शिक्षा झालेला मॅक्स नावाचा मुलगा त्यात आहे. आरंभीची चित्रे लहान असून त्यांच्याभोवती पुष्कळ कोरी जागा सोडलेली आहे. एकेक पान उलटावे, तसतशी त्याच्या खोलीत झाडे वाढत जातात आणि चित्रही वाढत जाते. पुढे मॅक्स विचित्र प्राण्यांसह धुमाकूळ घालू लागतो, तेव्हा चित्र समोरासमोरची दोन्ही पृष्ठे व्यापून टाकते आणि शब्द नाहीसे होतात. शेवटी तो घरी परततो, तो खोलीत जेवण मांडून ठेवलेले! आता गोष्ट संपली असे आपण म्हणतो आणि पान उलटतो. तेथे चित्र नाही. ते जेवण अद्याप निवलेले नव्हते, एवढेच दोन-चार शब्दांत सांगितले आहे. आईची माया सांगण्यासाठी याहून अधिक काय हवे? हेच शब्द आधीच्या चित्राखाली छापले असते, तर ते अशा रीतीने मनाला भिडले नसते.

जॉन स्टोन यांनी लिहिलेल्या आणि मायकेल स्मॉलिन यांनी चित्रे काढलेल्या १९७१ मधील एका पुस्तकात तर ग्रोव्हर नावाचे पात्र 'पान उलटू नका' अशी वाचकाची विनवणी करीत सुटते. कारण पुस्तकाच्या शेवटी एक अक्राळविक्राळ प्राणी आहे, असे त्याने ऐकलेले असते. तो पाने दोरांनी बांधतो, फळ्या ठोकतो, विटांची भिंत रचतो. पण वाचक कसला ऐकतो! शेवटच्या पानावर कोण भेटते, ते मी येथे सांगणार नाही. सांगितले, तर या लेखाचा हेतूच विफल होईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या लहान भाचीला मी एक जुनी आवडती गोष्ट वाचून दाखवीत होतो. माळ्यावर कसलासा खुडबुड आवाज येतो आणि घरातली माणसे एकामागून एक शिडी चढू लागतात, अशी ती गोष्ट. मूळ पुस्तकात शिडीच्या शेवटच्या पायरीशी पान संपत असे. माझ्या हातातील नवी आवृत्ती मात्र निम्म्या पानांत बसविलेली होती. मी पहिल्या पायरीवर होतो, तोच भाचीने समोरच्या पृष्ठावर बोट ठेवून म्हटले, "मामा, मांजरीची पिले आहेत." आणि ती खेळायला निघून गेली. तिचा काय दोष? तिला उत्तर प्रश्नाच्या आधीच मिळाले होते.

यावर प्रकाशक म्हणतील, की कागद महाग आहे आणि स्वस्त पुस्तक गरिबाच्या घरी पोचते. हे म्हणणे खरे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. परंतु थोड्या पानांत विस्मय साधता येत नाही, हे मात्र खरे नव्हे. सोळा पानी एकच फर्मा घेतला, तरी त्यात आठ वेळा पान उलटावे लागते. आठ संधी काही थोड्या नव्हेत. कोणते वाक्य उजवीकडे संपवावे आणि कोणते चित्र त्याच्या पाठीशी ठेवावे, एवढा विचार करण्यास कागद लागत नाही. लागते ती वाचकाविषयीची आस्था.

अर्थात या साधनाचा दुरुपयोगही होतो. प्रत्येक पानाच्या शेवटी आरोळी ठोकावी आणि मागे काहीच नसावे, असे दोन-तीनदा घडले, की 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील मुलाप्रमाणे लेखकावरचा विश्वास उडतो. खरा विस्मय तोच, की ज्याची बीजे आधीच्या पानांत पेरलेली असतात. पान उलटल्यावर वाचक चकित व्हावा, आणि मागे जाऊन पाहताच 'अरे, हे तर माझ्या डोळ्यांसमोरच होते!' असे त्याने म्हणावे.

आज पुष्कळसे वाचन पडद्यावर होते. तेथे अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात, आणि अधू दृष्टीच्या माणसाला तो मोठाच आधार आहे. परंतु अक्षर मोठे झाले, की बहुधा पानाची सीमाही सरकते. मग प्रश्न कोठे संपेल आणि उत्तर कोठे उघडेल, हे लेखकाच्या हाती उरत नाही. छापील पानाची सीमा मात्र अचल असते. ही त्याची उणीव नसून त्याचे सामर्थ्य आहे.

लेखकाने एवढी काळजी घेतली, तर वाचकावरही काही जबाबदारी येते. शेवटचे पान आधी चोरून पाहू नये. लहान भावंडांना वाचून दाखविताना पानाचा कोपरा बोटांत धरून क्षणभर थांबावे आणि विचारावे, "पुढे काय होईल, सांग बरे?" उत्तर चुकले तरी बिघडत नाही. ज्याला सारे काही आयते सांगितले जाते, त्याला तर्क करण्याची सवय लागत नाही. आणि आयुष्याची पाने तर आधी चाळून पाहण्याची सोय कोणालाच नाही. तेथे धीर धरावा लागतो, अंदाज बांधावा लागतो आणि मग आपल्याच हाताने पान उलटावे लागते. त्याचा पहिला पाठ एखाद्या लहानशा गोष्टीच्या पुस्तकातून मिळत असेल, तर तो का दवडावा?