लाइन आली का?

बुलढाणा जिल्ह्यात ‘लाइन’चा अर्थ जागेवरून ठरतो. शेगावात ती गजानन महाराजांच्या दर्शनाची, मलकापुरात मुंबई-नागपूर रेल्वेची. खामगाव-जालना तर वर्षानुवर्षे मागणीतलीच. शिवारात मात्र लाइन म्हणजे मोटारीची वीज. ती रात्री येते, भर ओलितात जाते, आणि डीपी (रोहित्र) जळाली की कित्येक दिवस तोंड दाखवत नाही. ‘वीज’ असताना हा परका शब्द कशाला, असं शुद्धतावादी विचारतील. पण वीज कुठे हद्दपार झालीय? ती आभाळातून पडते, लाइन तारेतून येते. ही वाटणी शेतकऱ्यानेच केली. शिवाय ‘लाइन’चं लिंग, क्रियापद अस्सल मराठी. भाषेची खरंच काळजी असेल, तर आधी वीजबिलावरची मराठी त्याला कळेल अशी करा.