'काही भाग' म्हणजे नेमका किती?

आज आठवणी थोड्या आणि भांडण जास्त. रागावू नका.

'माजी सैनिकांच्या मदतीसाठी दौड' अशी जाहिरात हल्ली दर हिवाळ्यात मोबाईलवर येते. कधी पुण्याची, कधी इंदूरची. फी पाचशे-सहाशे रुपये, त्यात टी-शर्ट, मेडल, नाश्ता. आणि अगदी खाली बारीक अक्षरात, 'जमा रकमेचा काही भाग सैनिक कल्याणासाठी'. माझं भांडण या 'काही भाग'शी आहे. आयुष्य बँकेत गेलं. 'काही रुपये' लिहिलेलं व्हाउचर मी कधी पास केलं नाही.

धावण्याला माझा विरोध नाही. कारगिलच्या लढाईत जखमी होऊन पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग कृत्रिम पायावर अर्धमॅरेथॉन धावतात, तिथे मी काय बोलणार! प्रश्न हिशेबाचा आहे.

समजा ५०० जण ६०० रुपये भरून धावले. झाले तीन लाख. सैनिक कल्याणाच्या केंद्रीय निधीतून पेन्शन नसलेल्या, पासष्टीपुढच्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला आता महिना ८,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२५ च्या आधी ४,००० होते. म्हणजे वर्षाचे ९६,०००. त्या तीन लाखांत तीन म्हाताऱ्यांचं वर्ष निघतं. टी-शर्ट, मेडल, मांडव आणि डीजे वजा केले की किती जणांचं निघतं, ते आयोजकांनी सांगावं.

परवा पुतण्याला हे म्हटलं, तर म्हणतो, "काका, पैसा सोडा, जागृती तर होते ना?" अरे, जागृतीसाठी ७ डिसेंबरचा ध्वज दिन १९४९ पासून आहे! शाळेत आपण ती छोटी झेंडी छातीला टाचणीने लावायचो, डब्यात नाणं टाकायचो. त्याची पावती मागितली तर मिळायची. आजही सशस्त्र सेना ध्वज दिन निधीला थेट पैसे देता येतात, आयकरात सवलतही आहे (नव्या कररचनेत नाही, हे लक्षात ठेवा).

आणि खरी अडचण नुसत्या पैशाचीही नसते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या काउंटरवर खेड्यांतले फौजी यायचे, पीपीओ प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. त्यांच्या मागे बायका. नवरा गेला की फॅमिली पेन्शनचं काम नावावर अडायचं. सर्व्हिस रेकॉर्डला माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, पुढे आधार आलं तर त्यावर तिसरंच. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला २००३ मध्ये. त्याआधी जिल्ह्याच्या प्रत्येक कामाला खंडवा. एक बाई लालबाग स्टेशनवरून तीनदा गाडीने गेली नि तीनदा परत आली. आता 'स्पर्श' प्रणालीत सगळं ऑनलाइन आहे. चांगलंच आहे, पण सत्तरीच्या बाईला ओटीपी कोण वाचून दाखवणार? तिच्यासाठी पाच किलोमीटर धावायला शेकडो लोक तयार असतात, तिच्याबरोबर दोन तास सायबर कॅफेत बसायला कोणी नसतं.

मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे आपल्या पसंतीच्या संस्थेसाठी वेगळी देणगी गोळा करतात, आणि कुठल्या संस्थेला किती मिळाले ते जाहीर होतं. एवढी मोठी स्पर्धा जमवते, तर पाचशे जणांच्या दौडीला काय अवघड आहे? फॉर्मवरच छापा: सहाशेपैकी इतके रुपये सैनिकाला, अमुक निधीत. महिन्याभरात पावतीचा फोटो टाका.

आपल्यापैकी कोणाची सून, नातू, भाचा अशा दौडीत नाव नोंदवत असेल, तर फी भरण्याआधी त्याला हा एक आकडा विचारायला लावा. उत्तर आलं तर इथे कळवा, नाही आलं तरी कळवा. आणि लालबागेत कोणा फौजी घरी पेन्शनचा कागद अडला असेल, तर सकाळी दहानंतर मी घरीच असतो. चष्मा नवीन केलाय.