न्हाणीघरांतला वृक्षमंडूक

मृग बरसला कीं कल्याणचे आमचे हौशी छायाचित्रकार वृक्षमंडूकाच्या शोधार्थ माळशेज घाटाकडे, थेट आंबोलीपर्यंत धांव घेतात. आणि घरीं? न्हाणीघराच्या भिंतीस चकतीदार बोटांनीं चिकटलेला वृक्षमंडूक खराट्यानें बाहेर लोटला जातो! इंग्रजींतील त्याच्या एका नांवांत तर आपला ‘चुना’च आहे, इतका तो घरचा.

पण घाटांतल्या बेडकाची तरी धडगत कोठें आहे? त्यास फांदीवरून उचलावयाचें, शोभिवंत पानावर बसवावयाचें, डोळ्यांवर प्रखर झोत मारावयाचा आणि चित्राखालीं ‘नैसर्गिक अवस्थेंत’ असें लिहावयाचें. यास आम्ही लबाडी म्हणतों. बेडूक कातडीवाटेहि श्वास घेतो, पाणी शोषितो. डासांचें मलम चोपडलेला हात त्यास लावणें ही कोणती निसर्गभक्ति?

न्हाणीघराची भिंत चित्रांत शोभत नाहीं, असें कोणी म्हणेल. न शोभो; बेडूक तेथें आपण होऊन बसला आहे. परसांतल्या टांकीवर लोंबणाऱ्या फांदीस फेसाचा पांढरा गोळा दिसला, तर साबण समजून धुऊं नये. तें त्याचें घरटें होय. कांहीं दिवस दुरूनच पाहावें; पिल्लें खालच्या पाण्यांत टपकतांना दिसतील.