घास घालणे सोपे, सांभाळणे कठीण

महाभारतातील आरंभीच्या कथांपैकी एक कथा कुत्र्यावर झालेल्या अन्यायाची आहे आणि अखेरच्या प्रसंगांपैकी एक प्रसंग कुत्र्याच्या सोबतीचा आहे. हे साम्य सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आदिपर्वात जनमेजय कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असताना सरमा या देवशुनीचा पुत्र यज्ञभूमीत येतो. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरीही राजाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. ‘माझ्या निरपराध लेकराला का मारले?’ या सरमेच्या प्रश्नाला राजकुळाकडे उत्तर नसते आणि तिच्या शापाने सारे भयभीत होतात. महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाच्या वाटेने निघतात. द्रौपदी पडते, भाऊ एकामागून एक पडतात. युधिष्ठिरासोबत उरतो तो वाटेत मागे लागलेला एक कुत्रा. इंद्राचा रथ समोर उभा असताना धर्मराज त्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो.

या दोन कथांतून दोन नियम स्पष्ट होतात. निरपराधाला मारू नये आणि आश्रिताला टाकू नये. तिसरी गोष्ट मात्र तितक्या सहज दिसत नाही. युधिष्ठिराने आपल्या करुणेची किंमत स्वतः मोजण्याची तयारी दाखवली होती. पणाला लावला तो स्वतःचा स्वर्ग, शेजाऱ्याचा नव्हे. कुत्र्यांवरून आज गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद पेटला आहे, त्यात नेमक्या याच तिसऱ्या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो.

वादात न दिसणारा माणूस

२०२५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्र्यांच्या चाव्यांची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राजधानी परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ ठिकाणी सोडावीत, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात, असे त्या पीठाने सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश झाला. प्रत्येक आदेशानंतर एका बाजूला आनंद आणि दुसऱ्या बाजूला आक्रोश झाला. ‘श्वानप्रेमी’ आणि ‘श्वानद्वेष्टे’ असे समाजाचे सरळ दोन तट पडले.

या साऱ्या गदारोळात एक माणूस कोठेच दिसला नाही. तो म्हणजे कुत्रा पाळून तो न सांभाळणारा मालक. विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. ही कुत्री आकाशातून पडलेली नाहीत. उघड्यावरील कचरा त्यांना जगवतो हे खरेच; पण त्यांची संख्या वाढवण्यात मोकाट सोडलेल्या, निर्बीजीकरण न केलेल्या घरच्या कुत्र्यांचाही वाटा आहे. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. वर्षातून बहुधा दोनदा ती माजावर येते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. ‘आमच्याकडे जागा नाही’ म्हणून ती पिल्ले पोत्यात भरून मंडईजवळ किंवा गावकुसाबाहेर सोडली जातात. सोडणारा त्याला ‘सोडणे’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तो परित्याग आहे.

करोनाच्या टाळेबंदीत एकाकी घरांना सोबत हवी होती, म्हणून अनेकांनी पिल्ले आणली. कार्यालये उघडली, बदल्या झाल्या आणि त्यांतील काही जिवांच्या नशिबी रस्ता आला. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरची टोळी स्वीकारत नाही, अन्न शोधणे त्याला ठाऊक नसते. ज्या वळणावर गाडीतून उतरवले, तेथेच ते दिवसेंदिवस बसून राहते. सरमेच्या पुत्राला निदान मार देणारे समोर दिसत होते. याला तर आपला अपराधी कोण हेही कळत नाही.

कायदा आहे, धाक नाही

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. उपाशी मरण्याच्या स्थितीत प्राणी टाकून देणे, त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, इतकेच नव्हे, तर सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हेसुद्धा त्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी ती रक्कम मोठी असेल. आज तेवढ्यात चहाचे चार पेलेही येत नाहीत. आपल्या ताब्यातील प्राण्यामुळे माणसाला इजा होण्याचा धोका असताना निष्काळजी राहणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो. किती मालकांकडे तो आहे, याची विचारपूस प्रत्येकाने आपापल्या इमारतीत करून पाहावी.

दुसऱ्या टोकाचा उपाय म्हणून ‘मारून टाका’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास आठवावा. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या शिपायांनी बक्षिसाच्या लोभाने कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाचा संताप अनावर झाला आणि फोर्टात दंगल उसळली. त्यानंतरही कुत्री मारण्याचे धोरण दीर्घकाळ चालले, पण रस्ते कुत्र्यांवाचून राहिले नाहीत. अन्न आणि जागा तीच राहिली की मेलेल्याची जागा दुसरा घेतो. म्हणूनच २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला आणि २०२३ च्या नव्या नियमांनी तो कायम ठेवला. मार्ग योग्य आहे. तो पूर्ण चालण्याची चिकाटी मात्र बहुतेक स्थानिक संस्थांनी दाखवलेली नाही. कंत्राटे निघतात, मुदती संपतात आणि अर्धवट केलेले काम पुढच्या वेतात वाहून जाते.

गावाचा कुत्रा, शहराचा शोभेचा प्राणी

महाराष्ट्राला कुत्रा नवा नाही. दत्तगुरूंच्या पायाशी आणि खंडोबाच्या घोड्यासोबत तो आहे. लांडग्यापासून मेंढरे राखणारा धनगरांचा कुत्रा आणि दख्खनच्या माळावर वाऱ्याशी स्पर्धा करणारा कारवानी कुत्रा हे तर कुटुंबाचे कमावते सदस्यच होते. कुत्र्याला काम होते, म्हणून त्याला मान होता आणि मालकही होता. गावातला कुत्रा कुणाचा, हे गाव सांगू शकत असे.

शहरात आल्यावर त्याचे काम गेले. तो प्रतिष्ठेची वस्तू झाला किंवा उपद्रव झाला. विदर्भाच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातील हस्की दोन खोल्यांच्या सदनिकेत धापा टाकत पडलेला दिसतो, तेव्हा त्याच्या मालकाला प्रेम नाही असे म्हणता येत नाही. विचार नाही असे मात्र नक्की म्हणता येते. पूर्वी जबाबदारी कामातून आपोआप येत असे. आता ती जाणीवपूर्वक स्वीकारावी लागेल.

ती जबाबदारी फार गूढ नाही. कुत्रा दहा-पंधरा वर्षे जगतो. तेवढा काळ त्याच्यासाठी वेळ, जागा आणि पैसा आहे का, याचा हिशेब पिल्लू घरी आणण्यापूर्वी करावा. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे, म्हणून ते विकत घेऊही नये. आपल्या हवामानाला सरावलेले देशी पिल्लू रस्त्यावरून उचलून वाढवले, तर एकाच कृतीने दोन प्रश्न सुटतात. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी, निर्बीजीकरण करावे, सार्वजनिक जागी पट्टा हातात धरावा, कुत्र्याची विष्ठा स्वतः उचलावी. लहानपणापासून त्याला माणसांची, मुलांची आणि इतर कुत्र्यांची सवय लावावी. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य मालकाचे समाधान करते. लिफ्टमध्ये भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या मुलाची भीती त्याने जात नाही.

भय खोटे नाही

या भीतीकडे तुच्छतेने पाहणे हा श्वानप्रेमाचा सर्वांत मोठा दोष आहे. जगात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजचे ९९ टक्के कारण कुत्र्याचा चावा हेच असते. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मरणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. चावल्याचे घरी सांगितले तर रागावतील, म्हणून मूल गप्प राहते आणि त्या गप्प राहण्याची किंमत प्राणाने चुकवते. जखमेवर हळद, चुना, मिरची लावण्याची सवय अजून गेलेली नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठून लसीची सर्व इंजेक्शने पूर्ण करणे, एवढे ज्ञान शाळाशाळांत पोहोचले पाहिजे.

हे अशक्य नाही, याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. २०१४ पासून राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून तेथे घरोघरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिली, शाळांत प्रबोधन केले, संशयित प्राण्यांची नोंद ठेवली. कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून घोषित होणारे देशातील पहिले राज्य ठरले. तेथे कुत्र्यांची सरसकट कत्तल झाली नाही आणि माणसांच्या जिवाशी खेळही झाला नाही. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, या साध्या तत्त्वाचा सातत्याने केलेला अवलंब हेच त्या यशाचे रहस्य आहे.

सहजीवनाचा करार

मग घास घालावा की नाही? घालावा. गोग्रास आणि काकबळी काढणाऱ्या, वैश्वदेवात प्राणिमात्राचा वाटा ठेवणाऱ्या समाजाला ते शिकवण्याची गरज नाही. पण तो नियमात घालावा. २०२३ च्या नियमांनी यासाठी उत्तम चौकट दिली आहे. रहिवाशांच्या संस्थेने खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवावी. ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी. खाऊ घालणाऱ्याने परिसर स्वच्छ ठेवावा आणि लसीकरण व निर्बीजीकरणासाठी कुत्री पकडून देण्यास हातभार लावावा. वाद झाला तर तो समितीपुढे न्यावा. दुसरीकडे, कुत्रा पाळण्यावरच बंदी घालण्याचा किंवा पाळणाऱ्यांना लिफ्ट नाकारण्याचा अधिकार संस्थेला नाही, हे पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. बंधन दोन्ही बाजूंना आहे, म्हणून तर त्याला करार म्हणायचे.

जेथे हा करार पाळला जातो, तेथे कुत्रा माणसे तोडत नाही, जोडतो. एकाच जिन्यावर दहा वर्षे राहून एकमेकांची नावे ठाऊक नसलेली माणसे सकाळच्या फेरीत कुत्र्यांमुळे बोलती होतात. मुले परदेशी असलेल्या आजोबांना दिवसातून दोनदा घराबाहेर पडण्याचे कारण मिळते. अभ्यासाला कंटाळलेला मुलगा कुणाचे तरी पाणी भरण्याची, कुणाची तरी वेळ पाळण्याची सवय न सांगता शिकतो. लस झालेला, ओळखीचा गल्लीतला कुत्रा रात्री अनोळखी पावलांवर भुंकतो आणि रखवालदार जागा होतो. अशा वस्तीत ‘कुत्रा कुणाचा?’ या प्रश्नाला पुन्हा उत्तर मिळते: तो आमचा.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. कुत्र्याच्या तोंडी घास गेला, एवढ्यावर नामदेवांचे समाधान झाले नाही. तो घास कोरडा आहे याची त्यांना काळजी लागली. आज त्या तुपाच्या वाटीच्या जागी लसीची कुपी, गळ्यातला पट्टा आणि हातातली कागदी पिशवी आली आहे. ती घेऊन धावण्याची तयारी असेल, त्याने खुशाल कुत्रा पाळावा आणि खुशाल घास घालावा. नसेल, तर आपल्या करुणेचे देणे शेजारच्या मुलाच्या नावावर टाकू नये.